काजळी मोजायची तर शेजारी कार्बन डायऑक्साइडही मोजा

शहराच्या हवेची चर्चा पीएम २.५ च्या आकड्यापाशी सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. आकडा कामाचा आहे, त्याबद्दल वाद नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये वार्षिक सरासरीची मर्यादा १० वरून ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरवर आणली ती याच आकड्याची. पण हे शेवटी नुसतं वजन आहे. अडीच मायक्रोमीटरपेक्षा बारीक जे जे हवेत तरंगतंय ते सगळं एकाच पारड्यात: डिझेलची काजळी, गंधकाच्या धुरातून तयार झालेलं सल्फेट, अमोनियम नायट्रेट, मीठ, माती. फुप्फुसांवर किती भार पडतो याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. तापमानवाढीचं काय, असं विचारलं की मात्र या आकड्याकडे उत्तर नसतं. काजळी ऊन शोषते आणि भोवतालची हवा तापवते. सल्फेट ऊन परत आकाशात फेकतं. दोन शहरांत पीएम २.५ सारखंच ४० भरलं, तरी एकाची हवा तापवणारी आणि दुसऱ्याची गारवा देणारी असू शकते.

हा गारवा किरकोळ समजू नका. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांची हवामान बदलावरची शास्त्रीय समिती) सहाव्या अहवालात (२०२१) १७५० ते २०१९ चा हिशेब मांडलाय. कार्बन डायऑक्साइडमुळे पृथ्वीला तापवणाऱ्या ऊर्जेत चौरस मीटरमागे सुमारे २.१६ वॅटची वाढ. सगळ्या एरोसोल कणांचा (हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांचा) मिळून परिणाम उणे १.१ वॅटच्या आसपास, आणि त्याची अनिश्चितता उणे ०.४ पासून उणे १.७ पर्यंत पसरलेली. हे कण आठवड्या-दोन आठवड्यांत पावसाने धुऊन जातात किंवा खाली बसतात, कार्बन डायऑक्साइडचा बराचसा भाग मात्र शतकानुशतकं हवेत राहतो. एकाच नळकांड्यातून निघालेल्या धुराची अशी दोन वेगळी आयुष्यं. ती दोन्ही एकाच जागी, एकाच वेळी मोजली तर शहराच्या हवेचा आणि हवामान बदलाचा धागा खरंच हाती लागतो. त्यासाठी लागतात दोन यंत्रं, एक घड्याळ आणि एक भागाकार.

भागाकार कशाला?

सकाळी सातला रस्त्याकडेची काजळी घनमीटरमागे २० मायक्रोग्रॅम, दुपारी दोनला ४. वाहतूक पाचपट कमी झाली का? सहसा नाही. रात्रभर गार पडलेल्या जमिनीवर हवेचा पातळ थर अडकून बसतो; सकाळी धूर समजा २०० मीटर उंचीपर्यंतच ढवळला जातो, ऊन तापल्यावर हीच उंची १५०० मीटर होते. धूर तेवढाच सोडला, वारा तेवढाच असला, तरी नुसत्या या कारणाने प्रमाण साडेसात पटींनी उतरतं. काजळीचा तक्ता वाहतुकीबद्दल बोलतोय असं वाटतं, पण अनेकदा तो उन्हाबद्दल बोलत असतो. काजळी स्वतःही यात हात घालते: वरच्या हवेत ऊन शोषून ती वरचा थर तापवते, खाली जमिनीवर ऊन कमी पोचतं, आणि थर आणखी घट्ट बसतो.

कार्बन डायऑक्साइड त्याच धुरातून निघतो आणि तितकाच पातळ होतो. म्हणून पार्श्वभूमी (जवळचा धूर नसतानाही हवेत असतो तो आकडा) वजा करून काजळीच्या वाढीला कार्बन डायऑक्साइडच्या वाढीने भागलं की ढवळण्याचा परिणाम वर-खाली कटून जातो. उरतं ते किलोभर इंधनामागे किती ग्रॅम काजळी, म्हणजे इंजिनाचा गुण.

हिशेब करून बघू. रस्त्याकडेला काजळी १२ मायक्रोग्रॅम, पार्श्वभूमी २, वाढ १०. कार्बन डायऑक्साइड ४४५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४४५ भाग), पार्श्वभूमी ४२५, वाढ २०. २५ अंश सेल्सिअसला आणि समुद्रसपाटीच्या दाबाला १ पीपीएम म्हणजे घनमीटरमागे ०.४९ मिलिग्रॅम कार्बन. तेव्हा २० पीपीएम म्हणजे ९.८ मिलिग्रॅम कार्बन. १० मायक्रोग्रॅमला ९.८ मिलिग्रॅमने भागलं की किलो कार्बनमागे १.०२ ग्रॅम काजळी. डिझेलमध्ये वजनाने सुमारे ८७ टक्के कार्बन असतो, म्हणून ०.८७ ने गुणायचं: किलो डिझेलमागे ०.८९ ग्रॅम. काजळी पकडणारा फिल्टर नसलेल्या जुन्या अवजड वाहनांकडून असा आकडा येणं अजिबात विचित्र नाही. (इंधनातला सगळा कार्बन डायऑक्साइड म्हणूनच बाहेर पडला असं इथे धरलंय. डिझेलला ते चालतं. अर्धवट जळणाऱ्या ओल्या लाकडाला चालत नाही, तिथे कार्बन मोनॉक्साइडही मोजून मिळवावा लागतो.)

स्वस्त सेन्सर इथे का उपयोगी नाही

लहान डबीतला, पंखा आणि लेसर असलेला पीएम सेन्सर लावून काजळीचा अंदाज काढू, असा मोह होतो. तो आवरा. हा सेन्सर कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतो. प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बऱ्याच लहान कणांत ही विखुरण्याची ताकद व्यासाच्या सहाव्या घाताने पडते; व्यास निम्मा झाला की प्रकाश ६४ पटींनी कमी. इंजिनातून ताजी निघालेली काजळी साधारण ०.१ मायक्रोमीटरची, आणि हे सेन्सर ०.३ च्या खाली जवळजवळ आंधळे. त्यात काजळी प्रकाश विखुरण्यापेक्षा गिळते जास्त. म्हणजे हवामानाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा कण या सेन्सरला सगळ्यात कमी दिसतो.

दुसरी खोट आर्द्रतेची. सल्फेट आणि नायट्रेटचे कण पाणी ओढून फुगतात. पाणी धरण्याचा मध्यम गुण असलेला कण (या गुणाचा निर्देशांक, कप्पा, ०.३ धरून) ९० टक्के आर्द्रतेला आकारमानाने ३.७ पट होतो. सेन्सर पाण्यालाही धूळच समजतो, आणि धुक्याच्या पहाटे आकडा दुप्पट-तिप्पट दाखवतो. दुरुस्तीची समीकरणं आहेत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने पर्पलएअर या स्वस्त लेसर सेन्सरसाठी वापरलेलं एक समीकरण सेन्सरच्या आकड्याला ०.५२४ ने गुणतं, आर्द्रतेच्या टक्क्यामागे ०.०८६२ वजा करतं आणि ५.७५ मिळवतं. पण ते त्या देशातल्या कणांच्या मिश्रणावर बसवलेलं आहे. दुसरीकडे जसंच्या तसं उचलू नये. आपल्या जागी प्रमाणित यंत्राशेजारी सगळ्या ऋतूंत सेन्सर ठेवून नवे गुणक काढावेत.

एथॅलोमीटर: काय मोजतो, कुठे फसवतो

काजळीसाठी सर्वाधिक वापरलं जाणारं यंत्र एथॅलोमीटर. १९८० च्या दशकात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत हॅन्सन, रोझेन आणि नोवाकोव यांनी ते पुढे आणलं. कल्पना साधी: हवा फिल्टरच्या पट्टीतून ओढायची, पट्टीवर काळा ठिपका गडद होत जातो, आरपार येणारा प्रकाश किती वेगाने कमी होतोय ते बघायचं. सात तरंगलांबी असतात: ३७०, ४७०, ५२०, ५९०, ६६०, ८८० आणि ९५० नॅनोमीटर. ब्लॅक कार्बनचा, म्हणजे काजळीचा, आकडा ८८० वरून काढतात, कारण त्या रंगात बाकीचे कण फारसे शोषत नाहीत.

थेट वजन हे यंत्र करत नाही, हे लक्षात ठेवलं म्हणजे पुढचे घोळ टळतात. प्रकाश अडण्यावरून शोषण, आणि शोषणाला एका ठरीव गुणकाने भागून वजन, असा उलटा प्रवास आहे. एई३३ या मॉडेलमध्ये ८८० साठी हा गुणक ७.७७ चौरस मीटर प्रति ग्रॅम आहे, ३७० साठी १८.४७. इथे एक नेहमीची चूक होते. ३७० आणि ८८० च्या आकड्यांवरून जळण कोणतं ते ओळखता येतं: वाहनांच्या काजळीचं शोषण तरंगलांबीच्या साधारण पहिल्या घाताने बदलतं, लाकूड-पाचोळ्याच्या धुरात तपकिरी सेंद्रिय कार्बन असल्यामुळे साधारण दुसऱ्या घाताने. शोषणांचं गुणोत्तर पहिल्या बाबतीत २.४ च्या आसपास येतं, दुसऱ्यात ५.७ च्या. पण फाइलमध्ये असतात ते आधीच गुणकाने भागलेले मायक्रोग्रॅम. १८.४७ भागिले ७.७७ हेच मुळी २.४ आहे, त्यामुळे निव्वळ वाहनांच्या धुराला फाइलमधलं गुणोत्तर १ येतं. ते तसंच सूत्रात टाकलं की घातांक शून्य निघतो आणि माणूस यंत्र बिघडलं म्हणून खोलायला बसतो. आधी प्रत्येक रंगाचा आकडा त्याच्या गुणकाने गुणून शोषण परत मिळवा, मग घातांक काढा.

पट्टीचं भरत जाणं हा दुसरा सापळा. कोऱ्या ठिपक्यावर काजळीचा प्रत्येक थर पूर्ण दिसतो. ठिपका काळा होत गेला की नव्या कणांवर जुन्यांची सावली पडते आणि यंत्र कमी सांगू लागतं. पट्टी पुढे सरकली की आकडा एकदम वर उडी मारतो. एका ठिपक्याच्या जुन्या यंत्रांच्या आलेखात करवतीचे दाते दिसतात ते यामुळे. एई३३ दोन ठिपक्यांवर वेगवेगळ्या वेगाने हवा सोडून याची भरपाई करतं, तरी डोळे मिटून विश्वास ठेवू नये. दोन-तीन आठवड्यांचे आकडे घेऊन आडव्या अक्षावर अटेन्युएशन (ठिपक्याने प्रकाश किती अडवला त्याचं माप), उभ्यावर काजळी मांडा. ढवळण्याचा, वाहतुकीचा परिणाम इतक्या दिवसांत सरासरीत विरून जातो, त्यामुळे रेघ सपाट यायला हवी. खाली झुकत असेल तर भरपाई कमी पडतेय.

आणि उणे आकडे! सेकंदाच्या किंवा मिनिटाच्या आकड्यांत ते येणारच, कारण दोन जवळजवळ सारख्या प्रकाशांची वजाबाकी करतोय आपण. ते पुसून टाकणं ही या क्षेत्रातली सगळ्यात महाग सफाई आहे. गोंधळ शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखा असतो. खालची बाजू छाटली की सरासरी फुगते, आणि स्वच्छ जागी सगळ्यात जास्त फुगते. उणे आकडे ठेवा, सरासरीचा काळ वाढवा. पट्टी सरकल्यानंतरची पहिली काही मिनिटं मात्र खुशाल गाळा.

प्रवाह महिन्यातून एकदा तरी बाहेरच्या प्रवाहमापकाने तपासा आणि वहीत लिहा की घनमीटर कोणत्या तापमानाचा. शून्य अंशाच्या आणि २५ अंशांच्या घनमीटरात ९ टक्क्यांचा फरक पडतो. दोन केंद्रांमधला ‘लक्षणीय फरक’ नुसता एवढाच निघाल्याचं ऐकलं तर नवल वाटू नये.

कार्बन डायऑक्साइडचं यंत्र

अवरक्त प्रकाशावर चालणारा साधा सेन्सरही चालतो, पण त्यातली आपोआप बेसलाइन दुरुस्ती आधी बंद करा. घरा-कचेरीसाठी बनवलेले हे सेन्सर धरून चालतात की आठवड्यात कधीतरी बाहेरची ताजी हवा मिळाली, आणि आठवड्यातला सगळ्यात कमी आकडा ते ४०० पीपीएमवर आणून ठेवतात. आज जगभराची पार्श्वभूमीच ४२० च्या पुढे आहे आणि शहरात रस्त्यालगत त्याहूनही वर. दुरुस्ती चालू राहिली की सेन्सर दर आठवड्याला शून्य हलवतो, आणि लांब पल्ल्याचा कल तुमच्या डेटातून गुपचूप पुसला जातो. त्याऐवजी ठरावीक दिवसांनी दोन ज्ञात प्रमाणांच्या सिलिंडरनी तपासा.

बाष्पाचंही बघावं लागतं. हवेत ३ टक्के बाष्प असेल तर कोरड्या हवेतले ४२० पीपीएम ४०७ दिसतात. काही सेकंदांच्या धुराच्या झोतात हे पार्श्वभूमीबरोबर जवळजवळ वजा होतं. तासांच्या सरासरीवर काम करत असाल तर होत नाही. नमुना वाळवा, किंवा आर्द्रता मोजून हिशेबात घ्या. वातानुकूलित खोलीत यंत्र ठेवलं आणि बाहेर दमट असेल तर नळीत पाणी साचतं, ते वेगळंच. नळी खोलीत शिरते तिथून पुढे तिला उष्णतारोधक गुंडाळी करा. आर्द्रता झटक्यात बदलली तर एथॅलोमीटरची पट्टीही खोटे उंचवटे दाखवते.

नळी, घड्याळ आणि काडी

दोन्ही नळ्यांची तोंडं शेजारी, दोन-तीन मीटर उंचीवर, पावसाची टोपी आणि किड्यांची जाळी लावून. काजळीची नळी तांब्याची किंवा पोलादी. साध्या प्लास्टिकवर स्थिर वीज साचते आणि कण भिंतीला चिकटतात. काळी, वीजवाहक सिलिकोन नळी कणांना चांगली, पण ती कार्बन डायऑक्साइड शोषते, म्हणून वायूसाठी वेगळी टेफ्लॉनची नळी घ्या.

आता उशीर मोजा. ४ मिलिमीटर आतला व्यास, ५ मीटर लांबी: आत सुमारे ६३ मिलिलिटर हवा. एथॅलोमीटर मिनिटाला ५ लिटर ओढत असेल तर हवा पाऊण सेकंदात पोचते. वायूचा पंप मिनिटाला अर्धा लिटर ओढत असेल तर तेवढ्याच नळीला साडेसात सेकंद लागतात. ट्रक पुढून जातो तो झोत पाच-दहा सेकंदांचा. म्हणजे काजळीचं शिखर येऊन गेल्यावर कार्बन डायऑक्साइडचं येतं, आणि सेकंदागणिक भागाकार केला तर आधी अनंत, मग शून्य.

उपाय काडेपेटी. दोन्ही तोंडांखाली काडी ओढा, विझवा, वेळ लिहा. दोन्ही आलेखांत शिखरं उमटतात. एक सरकवून दुसऱ्यावर बसवा. दिवसाच्या सुरुवातीला एकदा, शेवटी एकदा, म्हणजे घड्याळं दिवसभरात किती सरकली तेही कळतं. काडी धरताना श्वास रोखा. उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम असतो. तोंडाशी उभं राहून वही लिहिणारा माणूस अर्ध्या ताफ्याएवढा धूर ‘सोडू’ शकतो. सेन्सर आळशी असेल, अर्ध्या मिनिटाने जागा होणारा, तर झोतांचा नाद सोडा आणि काही मिनिटांच्या सरासरीवर काम करा.

पार्श्वभूमी ठरवायला दहा-पंधरा मिनिटांच्या सरकत्या खिडकीतला पाचवा शतमक (ज्याच्या खाली फक्त पाच टक्के नोंदी येतात तो आकडा) चालतो. वाढ ३ ते ५ पीपीएमच्या खाली असेल तर ते झोत टाकून द्या, कारण छेद शून्याकडे गेला की गुणोत्तर वाटेल तिकडे उडतं. गुणोत्तरांची सरासरी काढू नका. झोताखालचं एकूण क्षेत्रफळ काजळीचं आणि वायूचं वेगवेगळं काढून मग भागा. सरळ रेषा बसवायची तर दोन्ही अक्षांत चूक धरणारी पद्धत घ्या, नाहीतर आडव्या अक्षातला गोंधळ उतार खाली ओढतो. आणि बागेशेजारची रात्र टाळा. झाडं-माती रात्री कार्बन डायऑक्साइड सोडतात, काजळी सोडत नाहीत. गुणोत्तर उगाच गोंडस दिसतं.

आकडा हातात आल्यावर

किलो डिझेल जळलं की सुमारे ३.२ किलो कार्बन डायऑक्साइड. वरच्या उदाहरणातली ०.८९ ग्रॅम काजळी त्यात मिळवायची का? २०१३ च्या एका मोठ्या आढाव्यात शंभर वर्षांच्या हिशेबाने काजळीचा गुणक ९०० दिलाय, पण पल्ला १२० ते १८००. त्याने गुणलं तर ०.८ किलो येतात. पल्ला धरला तर ०.१ पासून १.६ पर्यंत कुठेही. इतक्या सैल गुणकाने दोन्ही एका रकमेत कोंबू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. आठवडाभर टिकणारा कण आणि शतकं टिकणारा वायू यांची बेरीज करून मिळालेला आकडा दोघांपैकी कुणाबद्दलच नीट सांगत नाही. दोन रकाने ठेवा.

दोन रकाने ठेवले की उपायही वेगळे दिसतात. चांगल्या स्थितीतला डिझेल फिल्टर काजळीचं ९० टक्क्यांहून जास्त वजन अडवतो. कार्बन डायऑक्साइडला तो हात लावत नाही, उलट धुराच्या वाटेत अडथळा आल्याने इंधन किंचित जास्त लागतं. गुणोत्तर धाडकन पडतं, छेद तसाच. फिल्टर फुटलेली किंवा काढून टाकलेली गाडी याच कारणाने गर्दीतही उठून दिसते, आणि अशा मोजक्या गाड्याच ताफ्याच्या काजळीचा मोठा वाटा उचलतात. सरासरीपेक्षा झोतागणिक वितरण छापा.

गंधकाचं गणित उलटं. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची जागतिक मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ वर आली. त्यानंतर जहाजांमागे समुद्रावर उमटणाऱ्या ढगांच्या रेघा कमी झालेल्या उपग्रहांना दिसल्या. हवा सुधारली, आणि सल्फेटने झाकून ठेवलेली तापमानवाढ थोडी उघडी पडली. यावरून गंधक राहू द्या असं कुणी म्हणत असेल तर ते चूक; वायू साचतच राहतो आणि झाकण आठवड्याला नव्याने घालावं लागतं, माणसांच्या फुप्फुसांच्या किमतीवर. गंधकासोबत काजळी आणि मिथेनही खाली आणणं हा त्यावरचा मार्ग. मिथेन साधारण १२ वर्षांत विरतो, त्यामुळे त्याची कपात लवकर दिसते.

ही भागाकाराची रीत फक्त नळकांड्यातून थेट निघणाऱ्या गोष्टींना लावा. सल्फेट आणि ओझोन हवेत नंतर तयार होतात. रस्त्याकडेला तर ताजा नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाऊन टाकतो, म्हणून तिथला कमी ओझोन स्वच्छ हवेची खूण मानू नये. ओझोनच्या बाबतीत हवामानाकडून येणारा धक्का मोठा आहे: उष्ण, निवांत हवेच्या दिवशी रासायनिक क्रिया वेगाने चालतात, झाडं आयसोप्रीन (ओझोन बनण्यात भाग घेणारा वायू) जास्त सोडतात, आणि उत्सर्जन तेवढंच असूनही ओझोन चढतो. त्याच्या नोंदींसोबत तापमान आणि वारा नसेल तर दोन वर्षांची तुलना करू नका.

शेवटची बाब साठवणीची. प्रक्रिया केलेले मायक्रोग्रॅमच नुसते ठेवून मूळ प्रकाशाच्या नोंदी पुसल्या जातात, जागा वाचावी म्हणून. पट्टीचा प्रकार बदलला की प्रकाशाच्या विखुरण्यासाठीचा गुणक बदलतो, शोषणाचा गुणकही पुढेमागे सुधारला जातो. सातही रंगांचं अटेन्युएशन, प्रवाह, पट्टीचा प्रकार, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि काडी ओढल्याच्या वेळा असतील, तर दहा वर्षांनी कुणीही सगळा हिशेब नव्याने करू शकतं. नुसता ‘१२ मायक्रोग्रॅम’ असेल तर नाही.